दहा दिवसांची वही

गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप फ्लेक्सच्या भाषेत चालायला लागतो. माझे वडील गेले तेव्हा पेपरात द्यायच्या चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मीही तेच लिहिलं: मनमिळाऊ व परोपकारी स्वभाव, पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर शेजारच्या चौकटीतले आजोबाही मनमिळाऊ आणि परोपकारी. खालचेही तसेच. आणि खरं सांगायचं तर आमचे अण्णा मनमिळाऊ नव्हतेच. उभा जन्म एसटीत कंडक्टर. सुट्ट्या पैशांवरून भांडायचे, घरी आले की अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत, आणि बोलले की पहिला प्रश्न, 'दिवा कोणी चालू ठेवलाय?'

त्या चार ओळींत अण्णा कुठेच नव्हते. ही चूक मी पुढच्या वर्षभरात निस्तरली. वर्षश्राद्धाला अठ्ठेचाळीस पानांची एक पुस्तिका काढली. तिच्या निमित्तानं जे शिकले ते इथे सांगते आहे. तुमच्या घरातलं माणूस शिक्षक असेल, शेतकरी असेल, बँकेत असेल. कामाची रीत सगळीकडे तीच लागू पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे एक साधी दोनशे पानी वही, आणि तीही पहिल्याच दिवशी. आपल्याकडे माणूस गेलं की दहा-तेरा दिवस घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. त्या दिवसांत पडवीत जे बोललं जातं ते पुन्हा कधी बोललं जात नाही. कोणी बालमित्र वीस वर्षांनी आलेला असतो. पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता तो एक गोष्ट सांगतो आणि उठून जातो. घरचे लोक तेव्हा भटजींना फोन, पत्रावळी, कोणाला कळवायचं राहिलं या गडबडीत असतात. गोष्ट हवेत विरते. म्हणून वही घेऊन बसायला एक माणूस नेमा. जिच्यावर आभाळ कोसळलंय तिला नको, क्रियेला बसलेल्या मुलालाही नको. एखादी सून, भाची, कॉलेजात जाणारा नातू चालेल. सांगणाऱ्याचं नाव, गाव, फोन नंबर आणि त्याच्याच शब्दांत दोन ओळी, एवढंच लिहायचं. समोरच्याच्या तोंडावर वही उघडू नका, माणूस बिचकतो. तो चपला घालून बाहेर पडला की लगेच लिहा. रात्री लिहू म्हटलं तर त्याचे शब्द जातात आणि आपले राहतात.

कुटुंबागणिक हे दिवस वेगळे असतात. कुठे तेरावा, कुठे बौद्ध घरात पुण्यानुमोदन, कुठे चाळीसावा, तर गोव्यातल्या ख्रिस्ती घरात महिन्याची मिस. पण माणसं जमतात आणि बोलतात हे सगळीकडे सारखंच.

आमच्या दहाव्याचंच सांगते. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. पाऊण तास झाला. मग सुरू झालं ते ओळखीचं: 'काहीतरी राहिलंय त्यांचं.' भाऊ पुढे होऊन म्हणाला, 'अण्णा, आईची काळजी करू नका.' कावळा झाडावरच. आत्या म्हणाली, 'धाकट्या नातीचं लग्न व्यवस्थित करू.' नाही. चुलतभाऊ म्हणाला, 'विहिरीवरची मोटर दुरुस्त करून घेतो.' तरी नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, 'अरे, रात्री दिवे वेळेवर बंद करू म्हणा.' रडता रडता सगळे हसले. कावळ्यावर तुमचा विश्वास असो नसो, त्या पाऊण तासात पंचवीस माणसांनी मिळून एका माणसाचं चरित्र सांगितलं. त्याला कशाची काळजी होती, कशाची हौस होती, कोणतं काम अर्धं राहिलं. मी ते सगळं घरी येऊन लिहून काढलं. पुस्तिकेचं पहिलं पान तेच झालं.

दुसरी गोष्ट, महिनाभर कपाट आवरू नका. दुःखात माणसाला आवराआवर करावीशी वाटते, तेवढंच मन रमतं. पण आपल्याला जी अडगळ वाटते तिचा अर्थ सांगणारा माणूस अजून यायचा असतो. अण्णांच्या कपाटाच्या तळाशी डालड्याचा एक जुना पिवळा डबा होता. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीत चिल्लर आणि वर बारीक अक्षरात काहीतरी: 'लाल फेटा, तारळे, ३५ पैसे.' 'शाळेतली पोर, ढेबेवाडी, १० पैसे.' आम्हाला वाटलं, म्हातारपणचा काहीतरी नाद. वहिनी डबा भंगारात टाकायला निघाली होती.

पाचव्या दिवशी त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हर काका आले. बराच वेळ नुसते बसून राहिले. मग म्हणाले, 'आमची वस्तीची गाडी असायची. रात्री साडेनऊला वर पोचायची, पहाटे साडेपाचला सुटायची. तुझा बाप घोरायचा, म्हणून मी सीटवर आणि तो टपावर.' मग आपोआप सुट्ट्या पैशांवर आले. गाडीत गर्दी असली की कंडक्टर बाकीचे पैसे तिकिटाच्या मागे लिहून देतो आणि उतरताना मागून घ्या म्हणतो. उतरायच्या घाईत कितीतरी लोक विसरतात. 'तुझा बाप ते पैसे वेगळे बांधायचा. डेपोत हिशेबापेक्षा जादा पैसे सापडले की चौकशी लागते, म्हणून घरी ठेवायचा. तो माणूस परत गाडीत दिसला की दुसऱ्या दिवशी पुडी आणून द्यायचा. ज्यांचे राहिले त्यांचे राहिले.'

मी उठून डबा आणला. काकांनी एक पुडी उचलली, वरचं अक्षर वाचलं आणि परत ठेवली.

डबा एकटा असता तर ती अडगळ होती आणि काकांची गोष्ट एकटी असती तर ते नुसतं कौतुक होतं. वस्तू आणि सांगणारा यांची गाठ पडू द्या. त्यासाठी वस्तू टिकायला हवी आणि मित्र घरात यायला हवा. मित्र आला नाही तर आपण त्याच्याकडे जायचं.

घरच्यांना जो माणूस दिसतो तो त्याचा अर्धाच भाग असतो. घरात तिरसट असलेला माणूस पारावर नकला करत असतो. ड्यूटी, तालीम, भजनी मंडळ, चहाची टपरी, पतपेढीतला कोपरा, अशा एका-दोन ठिकाणी त्याचं वेगळं आयुष्य चालू असतं, आणि ते बायकापोरांना माहीत नसतं. तिथे जायचं. फोनवर 'अण्णांबद्दल दोन शब्द लिहून द्या' असं मात्र कोणाला सांगू नका. पेन हातात आलं की भला माणूसही 'ते एक अष्टपैलू व्यक्तिमत्त्व होते' असं लिहितो. त्याला बोलू द्या, लिहायचं काम आपण करायचं. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. फोन घडी घातलेल्या रुमालावर, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा आणि पंखा बंद करा. नंतर ऐकताना पंख्याची घरघर माणसापेक्षा मोठी येते. चाळीस मिनिटं पुरे. आणि मध्येच 'नाही काका, ते साल वेगळं' असं करू नका. दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही ठेवा.

आईशी बोलणं सगळ्यात अवघड. 'अण्णा कसे होते गं?' या प्रश्नाला 'देवमाणूस होते' याखेरीज दुसरं उत्तर येत नाही, आणि डोळ्यांत पाणी येतं ते वेगळंच. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? चहा बशीतून की कपातून? राग आला की कुठे जाऊन बसायचे? पगाराचं पाकीट आणून कुठे ठेवायचे? पहिल्यांदा सिनेमाला गेलात तेव्हा कोणी कोणाला नेलं? तिचे हात कामात असताना विचारा. मी शेंगा सोलायला बसायचे तिच्याबरोबर. हात चालू असले की नजर खाली राहते आणि तोंड मोकळं होतं. आईनं सांगितलं की ड्यूटीवरून आल्यावर अण्णा अर्धा तास का बोलायचे नाहीत. दिवसभर बारा तास ओरडून त्यांचा आवाज बसलेला असायचा, आणि तो बसलेला आवाज पोरांना ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटायचं. चाळीस वर्षं मला ते अबोल वाटत होते.

हे काम मराठीत नवं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त यानं वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला सांगितल्या आणि त्यातून लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. त्याचे भाग १९३४ पासून छापून आले. मूळ हेतू टिळकांचं चरित्र हा होता, पण आज वाचकाला टिळक दिसतात ते त्यांच्या तापटपणासकट आणि हातातलं कोणालाही देऊन टाकण्याच्या सवयीसकट, म्हणूनच खरे वाटतात. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी. रानडे हायकोर्टात आणि सभांत काय बोलत हे इतरत्रही सापडतं. घरात बायकोला अक्षरं गिरवायला कसे बसवत हे सांगायला रमाबाईच लागल्या. ही दोन्ही पुस्तकं हाताशी ठेवा. त्यांची नक्कल करायला नाही, तर धीर यावा म्हणून. बायकोच्या आठवणींना चरित्राइतकीच किंमत आहे हे तिथे कळतं.

तारखांचं एक वेगळंच लफडं असतं. जुन्या पिढीतल्या माणसाचा शाळेचा दाखला काढून बघा, जन्मतारीख बहुतेक १ जून निघेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर पोराकडे बघून वयाचा अंदाज करायचे आणि १ जून ठोकून द्यायचे. अण्णांच्या दाखल्यावर १ जून १९४९ होतं. त्यांना त्याचा अभिमान होता, कारण पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ ला. 'एसटी माझ्यापेक्षा बरोबर एका वर्षानं मोठी, म्हणून तिला उलटून बोलत नाही' असं म्हणायचे.

खरी तारीख शोधायची तर कागद बाजूला ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना घटनांवरून विचारा. आमच्या भागात गांधीहत्येनंतरची जाळपोळ, १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ हे मैलाचे दगड आहेत. पुण्याकडे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, मुंबईच्या गिरणगावात १९८२ चा संप, लातूर-धाराशिवकडे १९९३ चा किल्लारीचा भूकंप. 'संपाच्या आधी की नंतर?' असं विचारलं की सालं बरोबर येतात. अण्णांच्या मावशीनं सांगितलं, 'वाडे जळाले त्या साली, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी.' म्हणजे १९४८ चा आषाढ. एसटी त्यांच्यापेक्षा जेमतेम महिना-दीड महिन्यानं मोठी निघाली. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

फोनचं काम मात्र तातडीचं, त्याला वर्षभर थांबू नका. गेलेल्या माणसाचा नंबर रिचार्ज न झाल्यास बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापराविना राहिलं की पुसलं जातं. त्यामुळे पहिल्या महिन्यातच त्यांचे व्हॉइस मेसेज, फोटो आणि नंबरांची यादी दुसरीकडे उतरवून घ्या, दोन ठिकाणी. 'पोचलीस का? फोन कर' असा चार सेकंदांचा मेसेज आज फालतू वाटेल. तो सगळ्यात आधी जपा.

जुन्या फोटोंचं सांगायचं तर फोटोमागे बॉलपेननं नावं लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतं. मऊ शिसपेन घ्या. डावीकडून कोण कोण, कुठे, कोणाच्या लग्नात, हे घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस असेतोवर लिहून घ्या. फोटोचा फोटो काढताना फ्लॅश नको. ओसरीवरच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही असं धरा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, तसाच पानासकट काढा.

आता अडचणीचा भाग. प्रत्येक घरात एक बांध असतो. आमच्याकडे तो खरोखरचाच होता. अण्णा आणि धाकटे काका बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. पुस्तिकेत हे लिहायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. माझं मत असं, की गेलेल्याचा दोष त्याच्या लेकरांनी सौम्यपणे लिहायला हरकत नाही, पण ज्यात जिवंत माणसाची बाजू आहे ते त्याला दाखवल्याशिवाय छापू नये. मी दोन वाक्यं लिहून काकांकडे गेले. त्यांनी वाचली, खोडली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'बांध दीड हाताचा होता. चूक दोघांची. आधी तो आला.' तेच छापलं. दारू, कर्ज, दुसरं घर असले विषय असतील तर पुस्तिका ही त्याची जागा नव्हे. वही मात्र खोटी लिहू नका. ती घरातच राहणार आहे.

शोकसभेत बोलायचं असेल तर तीन मिनिटं धरा, म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द. जन्म, शिक्षण, नोकरी हे अध्यक्ष सांगतातच. तुम्ही एकच प्रसंग सांगा, ज्यात माणूस काहीतरी करताना दिसेल. कागदावर लिहून न्या, मोठ्या अक्षरात. गळा दाटला तर पुढचं वाचायला कोणाला तरी शेजारी उभं करून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुस्तिका छापायची तर पानं चारच्या पटीत ठेवा, कारण मधोमध पिन मारायची असते. सोळा पानांचा एक फर्मा. आमचे तीन झाले. क्रम जन्म-शाळा-लग्न-निवृत्ती असा लावू नका. त्याचा शोधनिबंध होतो. एका प्रसंगाला एक-दोन पानं, आणि प्रत्येकाखाली सांगणाऱ्याचं नाव. नावाआधी काय लावायचं ते घरच्यांना विचारा: कै. की वै. की कालकथित. वारकऱ्याला वै. लागतं, आणि ते चुकलं तर माळकरी माणसं दुखावतात.

आणि तपासणी स्वतः करा, तीही छापायला जायच्या अगदी शेवटी. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाले त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलतात. त्यात जोडाक्षरं फुटतात, रफार पळतो. मी बदलण्याआधी तीनदा तपासलं आणि बदलल्यानंतर एकदाही नाही. शिवाय शेवटच्या रात्री फोटोखालच्या नावांची यादी मी एका बैठकीत केली, ओळीनं सगळ्या म्हाताऱ्यांना कै. लावत. पुस्तिका वाटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या काकांचा फोन आला. 'पान सव्वीस बघ. मला कैलासात पाठवलंयस. बांधाचं भांडण अजून मिटलं नाही वाटतं?' शंभर प्रतींपैकी ज्या हाती लागल्या त्यांतले 'कै.' मी पेनानं खोडत बसले. काकांनी त्यांच्या प्रतीतला खोडू दिला नाही. म्हणाले, राहू दे, आज ना उद्या बरोबर होईल.

शेवटची चार पानं कोरी ठेवा, फक्त रेघा मारून. हे मला कोणी सुचवलं नव्हतं. पानं चारच्या पटीत बसवताना उरली म्हणून राहिली. वर्षश्राद्धाच्या पंगतीनंतर एक प्रत पेनासकट ओसरीवर ठेवली होती. संध्याकाळपर्यंत लोकांनी त्यातली तीन पानं भरली होती. नातीनं गाडीचं चित्र काढलं होतं, टपावर झोपलेल्या माणसासकट. कोणी नुसती सही केली होती. चौथ्या पानावर, एकदम खाली, निळ्या शाईत लिहिलं होतं: '१९८३ साली यात्रेत अण्णानं माझ्याकडून २५ रुपये घेतले होते. दिले नाहीत. मी मागणारही नव्हतो.'

नाव नाही. आईनं पान डोळ्यांजवळ नेलं, अक्षर ओळखलं आणि हसली. कोणाचं ते मात्र सांगितलं नाही. रात्री बघितलं तर डालड्याच्या डब्यात एक नवी पुडी होती.